साठ अंशांचे सहाशे होऊ नयेत म्हणून

घटक चाचणी किंवा पूर्वपरीक्षा जवळ आली की गणित शिकवणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. पाली, नाणीज, हातखंबा या पट्ट्यात तीच आणि खाली लांजा-राजापूरकडेही तीच. घरच्या संगणकावर प्रश्नपत्रिका व्यवस्थित दिसत होती; महामार्गावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला आणि ∴ च्या जागी उलटी तिरपी रेघ आली, ≅ च्या जागी ई-मेलच्या पत्त्यातले ॲट आले, ६०° चे ६०० झाले. दुकानदार म्हणतो फाइल खराब आहे, शिक्षक म्हणतात दुकानातला संगणक जुना आहे. बहुतेक वेळा फाइलही ठीक असते आणि संगणकही. ज्या रीतीने चिन्ह टाकले, ती रीत दुसऱ्या संगणकावर टिकणारी नसते.

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पुढे असतो. त्या निकालामागच्या सराव प्रश्नपत्रिका शिक्षक रात्री जागून स्वतः टाइप करतात. त्यात एक चिन्ह बदलले तरी उदाहरण बदलते, मुलाचा वेळ जातो, गुण जातात आणि चूक त्याची नसते. त्यामुळे या कामाला किरकोळ म्हणायला मी तयार नाही.

या लेखात चलासाठी ‘क्ष’ आणि बिंदूंसाठी ‘अ, ब, क’ लिहिले आहेत. तुमच्या प्रश्नपत्रिकेत पाठ्यपुस्तकाप्रमाणे इंग्रजी अक्षरे असतील; कृती तीच राहते.

आधी ठरवा, फाइल जाणार कुठे?

पद्धत निवडण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

- तुमच्याच संगणकावरून छापणार असाल, तर कोणतीही पद्धत चालेल.
- दुकानात फक्त छापायला देणार असाल, तर वर्डची फाइल नेऊच नका. ‘सेव्ह ॲज’मध्ये जाऊन पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे चिन्हे जिथल्या तिथे राहतात.
- दुसऱ्या शिक्षकाला दुरुस्तीसाठी पाठवणार असाल, तर सगळी चिन्हे युनिकोडमधली हवीत किंवा वर्डच्या इक्वेशनमधली. तिसरा मार्ग धरू नका.
- व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून किंवा गूगल फॉर्ममध्ये टाकणार असाल, तर केवळ युनिकोड चिन्हे टिकतात. गूगल फॉर्ममध्ये समीकरण लिहायची सोयच नाही. तिथे उभा अपूर्णांक हवा असेल तर त्याचे चित्र जोडावे लागते.

चिन्हे बदलतात ती इथे

*वर चढवलेले शून्य.* अंशाचे चिन्ह म्हणून शून्य टाइप करून त्याला ‘सुपरस्क्रिप्ट’ केले जाते. कागदावर ते अगदी अंशासारखे दिसते. पण संगणकाच्या लेखी ते शून्यच असते, फक्त वर चढवलेले. मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर किंवा फॉर्ममध्ये चिकटवला की चढवणे गळून पडते आणि ‘कोन अबक = ६०°’ चे ‘६००’ होते. वर्गाच्या घाताचेही तसेच: क्ष² चा क्ष२ होतो आणि वर्गसमीकरण रेषीय होऊन बसते. अंशाचे स्वतंत्र चिन्ह आहे, घात २ आणि घात ३ यांचीही आहेत. तीच वापरा.

*‘सिम्बॉल’ नावाचा फॉन्ट.* जुन्या सवयीने पुष्कळ जण इंग्रजी अक्षर टाइप करतात आणि त्याला ‘सिम्बॉल’ फॉन्ट लावतात. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी पी π दिसतो, उलटी तिरपी रेघ ∴ दिसते, ॲट ≅ दिसते. कोणी ‘सिलेक्ट ऑल’ करून सगळ्याला एकच फॉन्ट लावला की मुखवटा उतरतो आणि खालची मूळ अक्षरे वर येतात. वर सांगितलेली उलटी तिरपी रेघ नि ॲट हे याच प्रकारातले.

*जुने मराठी फॉन्ट.* शिवाजी, कृतिदेव, श्री-लिपीचे जुने फॉन्ट यांत इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. × आणि ÷ यांच्या जागाही त्यात गेलेल्या असतात. म्हणून गुणाकाराचे चिन्ह टाकायला जावे तर एखादी मात्रा किंवा जोडाक्षराचा अर्धा भाग उमटतो. अशा फाइलीत गणिताची चिन्हे टाकत बसण्यापेक्षा युनिकोडवर येणे हाच उपाय.

*विसर्ग आणि अपूर्णविराम.* गुणोत्तर २:३ लिहिताना मराठी कीबोर्डवरून कधी विसर्ग पडतो. अंकाला विसर्ग जोडला की मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ दिसू लागते, काही फॉन्टमध्ये तेही दिसत नाही आणि चूक लपून राहते. गुणोत्तर लिहिताना कीबोर्ड इंग्रजीवर घ्या. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते.

*ऋण चिन्ह.* जोडरेघ म्हणजे वजाबाकी नव्हे. ओळीच्या शेवटी वर्ड जोडरेघेपाशी ओळ तोडतो. रेघ वरच्या ओळीत आणि ५ खालच्या ओळीत. मुलगा ते धन ५ वाचतो. खरे ऋण चिन्ह वापरा, त्याचा संकेतांक पुढे दिला आहे. किंवा कंट्रोल-शिफ्ट-जोडरेघ दाबून न तुटणारी रेघ टाका.

सुटे चिन्ह टाकायच्या रीती

सगळ्या रीती शिकायची गरज नाही. मी संकेतांकाची रीत शिकायला सांगेन, कारण ती एकदा हातात बसली की माउसला हात लावावा लागत नाही.

संकेतांक आणि ऑल्ट-एक्स. कीबोर्ड इंग्रजीवर घ्या. संकेतांक इंग्रजी अंकांत टाइप करा आणि लगेच ऑल्ट व एक्स एकत्र दाबा. आकडा जाऊन चिन्ह येते. देवनागरी अंकांत टाइप केलात तर हे चालत नाही. खाली अंक देवनागरीत छापले असले तरी टाइप इंग्रजीतच करायचे. ए, बी, सी ही इंग्रजी अक्षरे समजा.

- ∴ म्हणून: २२३४
- ∵ कारण: २२३५
- ∠ कोन: २२२०
- Δ त्रिकोण: ०३९४
- ∥ समांतर: २२२५
- ⊥ लंब: २२ए५
- ≅ एकरूप: २२४५
- ≠ बरोबर नाही: २२६०
- ≤ आणि ≥: २२६४ आणि २२६५
- − ऋण: २२१२
- √ वर्गमूळ: २२१ए
- π: ०३सी०
- θ: ०३बी८
- ∈ घटक आहे: २२०८
- ⊆ उपसंच: २२८६
- ∪ आणि ∩: २२२ए आणि २२२९

समरूपतेसाठी कीबोर्डवरचे ~ पुरते.

एक सावधगिरी. संकेतांकाच्या आधी चिकटून दुसरा अंक असेल तर वर्ड दोन्ही एकत्र वाचतो आणि भलतेच चिन्ह देतो. ‘५ ≠ ७’ लिहिताना ५ नंतर जागा सोडा, किंवा फक्त संकेतांकाचे चार अंक निवडून मग ऑल्ट-एक्स दाबा.

अंकांच्या पॅडवरून. ऑल्ट दाबून धरून उजवीकडच्या पॅडवर ०१७६ दाबले की °, ०२१५ ला ×, ०२४७ ला ÷, ०१७७ ला ±, ०१७८ ला ² आणि ०१७९ ला ³ मिळते. ही रीत वर्डबाहेरही चालते, त्यामुळे गूगल फॉर्म भरताना उपयोगी पडते. लहान लॅपटॉपला हा पॅड नसतो. तिथे विंडोज आणि पूर्णविराम एकत्र दाबा. विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत व ११ मध्ये उघडणाऱ्या चौकटीत चिन्हांचा विभाग आहे, त्यात गणिताची चिन्हे असतात.

इन्सर्ट, सिम्बॉल, मोअर सिम्बॉल्स. माउसची सवय असणाऱ्यांसाठी ही रीत. उघडणाऱ्या खिडकीत वर फॉन्टच्या जागी ‘नॉर्मल टेक्स्ट’ आहे ना, हे आधी पाहा. तिथे ‘सिम्बॉल’ किंवा ‘विंगडिंग्ज’ असेल तर वर सांगितलेला मुखवट्याचा घोळ होतो. मग उजवीकडे ‘मॅथेमॅटिकल ऑपरेटर्स’ निवडा. याच खिडकीत ‘शॉर्टकट की’ हे बटण आहे. रोज लागणाऱ्या चिन्हाला आपल्या सोयीची कळ तिथे नेमून ठेवता येते.

आपली लघुलिपी. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असे जा. ‘रिप्लेस’मध्ये मराठीत कधीच येणार नाही असा शब्द लिहा आणि ‘विथ’मध्ये चिन्ह. उदाहरणार्थ ‘ककोन’ ला ∠, ‘ममहणून’ ला ∴, ‘ललंब’ ला ⊥. शब्द लिहून स्पेस दिली की चिन्ह येते. भूमितीचा पेपर काढणाऱ्यांचे बरेच टाइपिंग यात वाचते. अंशासाठी मात्र ही युक्ती नको, कारण ते अंकाला चिकटून यावे लागते.

रुपयाचे ₹ हे अर्थनियोजनाच्या प्रकरणात पानोपानी लागते. भारत सरकारने ते २०१० मध्ये स्वीकारले. विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ हा कीबोर्ड घेतला असेल तर उजवे ऑल्ट आणि ४ दाबून ते मिळते.

एक बारीक गोष्ट राहिली. त्रिकोणासाठी सारखी दिसणारी तीन चिन्हे युनिकोडमध्ये आहेत: ग्रीक डेल्टा, गणितातली वाढ दाखवणारे चिन्ह आणि भूमितीतला नुसता त्रिकोणाचा आकार. एका प्रश्नपत्रिकेत एकच वापरा. नाहीतर ‘फाइंड’ने शोधताना निम्मी सापडत नाहीत, आणि छापल्यावर कुठे रेघ जाड तर कुठे बारीक दिसते.

अपूर्णांक, वर्गमूळ आणि सूत्रे

सुटे √ हे चिन्ह आडवी रेघ ओढत नाही. ‘√क्ष + ५’ असे छापले तर मूळ नुसत्या क्षचे की क्ष + ५ चे, हे मुलाला कळणार कसे? उभा अपूर्णांक, लांब रेघेचे वर्गमूळ, आवर्ती दशांशावरची रेघ, त्रिकोणमितीतली गुणोत्तरे यांना इक्वेशनच हवे.

ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह एकत्र दाबा. समीकरणाची चौकट उघडते. कीबोर्ड इंग्रजी ठेवा. आता एक अपूर्णांक करून पाहू. चौकटीत कंस उघडून क्ष + ३, कंस बंद, मग तिरपी रेघ, मग कंसात क्ष − २ लिहा आणि स्पेसबार दाबा. तिरपी रेघ आडवी होते, अंश वर जातो, छेद खाली, आणि दोन्ही कंस आपोआप नाहीसे होतात. वर्गमूळासाठी उलटी तिरपी रेघ देऊन इंग्रजी एस-क्यू-आर-टी लिहा, स्पेस द्या, कंसात क्ष + ५ लिहा, पुन्हा स्पेस. मूळाची रेघ क्ष + ५ वर पसरते. घातासाठी टोपीचे चिन्ह देऊन अंक लिहा, स्पेस द्या. उलट्या रेघेनंतर इंग्रजीत पाय किंवा थीटा लिहून स्पेस दिली तरी ती ती चिन्हे उमटतात.

वर्गसमीकरणाचे सूत्र आणि पायथागोरसचे प्रमेय वर्डच्या इक्वेशनच्या यादीत तयारच असतात. तुम्ही रचलेले सूत्रही त्या यादीत साठवता येते: चौकटीच्या उजव्या कडेचा बाण दाबा आणि ‘सेव्ह ॲज न्यू इक्वेशन’ निवडा. अंकगणिती श्रेढीची दोन सूत्रे एकदा अशी ठेवली की दरवर्षी नव्याने लिहायला नकोत. टाइप करणे जमतच नसेल तर त्याच यादीच्या तळाशी ‘इंक इक्वेशन’ आहे. माउसने हाताने लिहिल्यासारखे लिहा, वर्ड ओळखून देतो.

दोन अडचणी पुष्कळांना येतात. इक्वेशनचे बटण फिकट दिसत असेल तर फाइल जुन्या प्रकारची आहे; फाइल, इन्फो, कन्व्हर्ट करा. अपूर्णांकाचा वरचा भाग कापला जात असेल तर परिच्छेदाचे ओळींमधले अंतर ‘एक्झॅक्टली’वर आहे, ते ‘ॲट लीस्ट’ करा.

समीकरणात मराठी शब्द

आपल्या भूमितीत ‘रेख अब’, ‘किरण’, ‘कंस’ हे शब्द चिन्हांच्या मध्येच येतात. इंग्रजी माध्यमाच्या शिक्षकांना ही अडचण नाही, आणि इंटरनेटवरच्या सूचना बहुधा त्यांच्यासाठीच लिहिलेल्या असतात. इक्वेशनचा फॉन्ट कॅम्ब्रिया मॅथ आहे आणि त्यात देवनागरी नाही. मराठी शब्द चौकटीत लिहिला की संगणक दुसऱ्या फॉन्टचा आधार घेतो. मग वेलांटी सुटते किंवा जोडाक्षर फुटते.

म्हणून शब्द चौकटीबाहेर ठेवा. ‘रेख अब ∥ रेख कड’ या ओळीला इक्वेशनची गरजच नाही. साध्या ओळीत संकेतांकाने ∥ टाकले की झाले. अपूर्णांकाच्या अंशात ‘त्रिकोणाचे क्षेत्रफळ’ असे शब्दच हवे असतील तर ते निवडून इक्वेशनच्या पट्टीवरचे ‘नॉर्मल टेक्स्ट’ दाबा आणि मग मराठी फॉन्ट लावा. छापण्याआधी पीडीएफ मोठी करून हा भाग डोळ्यांनी वाचा.

चिन्हे मोठी आणि अक्षरे लहान, असे दिसत असेल तर कंट्रोल-डी दाबा. तिथे इंग्रजी मजकुराचा आकार आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा आकार वेगळा असतो. देवनागरी दुसऱ्या गटात येते. दोन्हीकडे जुळणारा आकार द्या.

जुन्या प्रश्नपत्रिका

शाळेच्या कपाटातल्या सीडींवर पुष्कळ साठा असतो आणि तो टाकून देण्यासारखा नसतो. त्यातली समीकरणे ‘इक्वेशन एडिटर ३.०’ मध्ये केलेली असतील तर ती दिसतात, पण बदलता येत नाहीत. मायक्रोसॉफ्टने सुरक्षेतील त्रुटीमुळे जानेवारी २०१८ मध्ये तो एडिटर काढून टाकला. वर्डच्या अलीकडच्या आवृत्त्यांत अशा समीकरणावर दोनदा क्लिक केले की रूपांतराची विचारणा होते. नाही झाली तर लिबरऑफिसमध्ये फाइल उघडा. ते अशी समीकरणे आपल्या पद्धतीत आणू शकते.

मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असेल तर क्रम महत्त्वाचा. युनिकोड परिवर्तकात सगळी फाइल एकदम टाकू नका, कारण परिवर्तक गणिताच्या चिन्हांनाही देवनागरीचे तुकडे समजून बदलतो. फक्त मराठी वाक्ये बदलून घ्या, चिन्हांच्या जागी रिकामा कंस ठेवा, आणि मूळ छापील प्रत समोर ठेवून चिन्हे नव्याने भरा. वेळ लागतो, पण एकदाच.

पैसे न भरता

परवान्याची वर्डची प्रत नसेल तर चोरीची प्रत बसवण्याची काही गरज नाही. लिबरऑफिस मोफत आहे, शाळेतल्या सगळ्या संगणकांवर कायदेशीरपणे बसवता येते आणि त्याचे मेनू मराठीतही मिळतात. त्यातही ऑल्ट-एक्सची रीत चालते. गूगल डॉक्समध्ये इन्सर्टखाली विशेष चिन्हांची खिडकी आहे. तिथल्या चौकटीत माउसने चिन्ह काढले की जुळणारी चिन्हे पुढे येतात. नाव आठवत नसले तरी काम होते.

संगणक हाताशी नसेल तर फोन आहे. गूगलच्या जीबोर्डवर अंकांच्या पानावरून चिन्हांच्या दुसऱ्या पानावर गेलात की √, π, ×, ÷, ° मिळतात. इंग्रजी अंक दाबून धरला की वर घात आणि छोटे अपूर्णांक दिसतात: १ दाबून धरल्यावर ½ आणि ¼, २ दाबून धरल्यावर ². रात्री व्हॉट्सॲपवर गृहपाठ पाठवणाऱ्यांना एवढे पुरेसे आहे.

टाइपिंग आणि छपाई बाहेर देताना

पैसे देऊन टाइप करून घेता, तेव्हा या गोष्टी काम देण्याआधीच ठरवा:

- मजकूर युनिकोडमध्येच हवा. राज्य शासनाच्या कामकाजातही युनिकोड मराठीचाच आग्रह आहे, त्यामुळे तुमची मागणी जगावेगळी नाही.
- पीडीएफसोबत दुरुस्ती करता येईल अशी फाइलही मिळाली पाहिजे. नुसती छापील प्रत किंवा नुसते चित्र घेऊन परत येऊ नका.
- छपाईआधी एक प्रत तपासायला मिळावी. ती तपासताना वाक्ये वाचू नका, फक्त चिन्हे पाहा: अंश, घात, ऋण, वर्गमूळाची रेघ, ∠ आणि Δ.
- परीक्षेचा पेपर व्हॉट्सॲपवर दुकानात पाठवू नका; तो तिथल्या फोनमध्ये राहतो. पेनड्राइव्हवर न्या, फाइलला पासवर्ड लावा, आणि छापून झाल्यावर दुकानाच्या संगणकावरची प्रत रिसायकल बिनमधूनही काढून घ्या.

शेवटचा मुद्दा दृष्टिदोष असलेल्या विद्यार्थ्यांचा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे समावेशक शिक्षण हा त्यांचा हक्क आहे. स्क्रीन वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर युनिकोड चिन्हे ओळखू शकते आणि वर्डच्या इक्वेशनपर्यंतही पोहोचू शकते. समीकरणाचे चित्र चिकटवले असेल तर तिथे नुसते ‘चित्र’ असे ऐकू येते. वर्गात असा एक जरी विद्यार्थी असेल तर त्याला पीडीएफऐवजी वर्डची फाइल द्या, आणि चित्र टाकावेच लागले तर त्यावर उजवे क्लिक करून ‘ऑल्ट टेक्स्ट’मध्ये समीकरण शब्दांत लिहा: क्ष वर्ग वजा पाच क्ष अधिक सहा बरोबर शून्य.